साडेदहा ते साडेचार

आमच्या शाळांचं कॅलेंडर भोपाळहून येतं आणि मुलांचे मामा राहतात काटोल, नरखेड, वरूड, सावनेरला. सौंसर-पांढुर्ण्याच्या शाळांत शिकवण्याचा वेळ जातो कुठे, असं कुणी विचारलं की माझं उत्तर इथून सुरू होतं.

मध्य प्रदेशात सत्र १ एप्रिलला लागतं. महिनाभर नवा वर्ग भरतो, १ मेपासून मुलांना उन्हाळ्याची सुट्टी आणि १६ जूनला शाळा पुन्हा उघडते. पलीकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उघडेपर्यंत जून सरत येतो. ऊन मात्र दोन्हीकडे एकच. छिंदवाड्याहून येताना सिल्लेवानीचा घाट उतरला की हवा बदलते. वर पठार, खाली आमचा कापूस-संत्र्याचा पट्टा. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. त्याआधी आम्ही छिंदवाड्याचे होतो आणि पठारावरच्या थंडीसाठी निघालेले शाळा उशिरा भरवण्याचे आदेश आमच्याकडेही लागू व्हायचे. मुलं स्वेटर कमरेला बांधून यायची.

तर १६ जूनला आम्ही तोरण बांधून, प्रवेशोत्सवाचा टिळा घेऊन दारात उभे आणि निम्मा वर्ग मामाकडे. फोन केला तर आई सांगते, "तिकडची शाळा नाही उघडली अजून मॅडम. भाऊ म्हणते, राहू दे पोट्ट्यायले चार दिवस." भाऊ म्हणतो त्यात काय चूक आहे? त्याच्या घरची पोरं मोकळी आहेत. दिवाळीत हेच उलट्या बाजूने होतं. आमची दिवाळीची सुट्टी मोजक्या दिवसांची, त्यांची लांबलचक. आमची मुलं त्यांच्या सुट्टीप्रमाणे परततात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात गेला. सोयरिकी जिथल्या तिथेच राहिल्या.

एप्रिलचं तर बोलूच नये. वरच्या वर्गांच्या परीक्षांचे पेपर तपासायचे असतात, निकाल लावायचे असतात, नवी पुस्तकं सगळी आलेली नसतात, गावात लग्नं असतात आणि शाळा सकाळची असते. साडेदहा वाजता पत्रा तापला की सहावीची मुलं वहीनेच वारा घेत बसतात. त्या महिन्यात शिकवलेला पहिला धडा जूनमध्ये पुन्हा पहिलाच धडा असतो. सहा आठवड्यांच्या खंडानंतर किती उरलं ते बघायला चाचणी घेण्याची गरज नसते. फळ्यावर एक हातच्याची वजाबाकी लिहिली की कळतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात शैक्षणिक कॅलेंडर ठरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. हे मी एका बैठकीत वाचून दाखवलं. जूनचे पंधरा दिवस पुढे सरकवा, दिवस हवे तर दुसरीकडून भरून काढू, असं माझं म्हणणं होतं. उत्तर आलं, "कॅलेंडर ऊपर से आता है, मैडम." सांगणाऱ्यावर माझा राग नाही, त्याच्याकडेही ते वरूनच आलेलं असतं.

त्याच कायद्याचं परिशिष्ट आकडे देतं. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. माझे वर्ग सहावी ते आठवी, विषय गणित. हजाराला दोनशे वीसने भागलं तर रोज साडेचार तासांच्या थोडं वर येतं. आमची शाळा साडेदहा ते साडेचार, म्हणजे सहा तास. कागदावर दीड तास वरच राहतो.

आता हा दिवस जवळून बघा. साडेदहाला घंटी होते तेव्हा पटांगणात अर्धी मुलं असतात. प्रार्थना, राष्ट्रगीत, सुविचार, कुणाला तरी बातम्या वाचायला लावायच्या, पावणेअकरा उलटून जातात. हजेरी आणि काल न आलेल्यांची चौकशी होईतो अकरा. दुपारी मध्यान्ह भोजनाला वेळापत्रकात अर्धा तास आहे. पण हात धुणं, ताटं, रांग, लहानांना आधी वाढणं, ताटं घासून ठेवणं यात तासाच्या आत कुणाचं आटोपत नाही, आणि आटोपावं असं मला वाटतही नाही. काही मुलांचं ते दिवसातलं पहिलं पोटभर जेवण असतं. चार वाजले की दप्तरं भरायला लागतात, कारण वरच्या वाडीची मुलं चालत जातात. उरलेल्या वेळात दोन वर्गांना एक शिक्षक. मी सातवीला शिकवत असते तेव्हा सहावी फळ्यावरचं उतरवून घेत असते. दोन्ही वर्गांच्या हजेरीपटात पिरियड पूर्ण भरतो.

या सगळ्यात 'जानकारी' येते. शाळेबाहेरच्या माणसाला या शब्दाचं वजन कळणार नाही. राज्याची समग्र आयडी जुळली नाही त्यांची यादी, केंद्राची विद्यार्थ्यांसाठीची अपार आयडी राहिली त्यांची यादी, गणवेशाची, सायकलींची, बँक खात्यांची. सगळं आजच आणि शक्य तर तासाभरात. मतदार यादीचं काम आलं की शाळेतला एक माणूस महिनाभर कमी. २०२५ च्या नोव्हेंबरात यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण लागलं तेव्हा बीएलओ असलेले शिक्षक घरोघरी फॉर्म वाटत होते. कायद्याचं सत्ताविसावं कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये म्हणतं आणि त्याच वाक्यात जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळतं. त्यामुळे तक्रार करायला जागाच नाही.

एक पिरियड सांगते. सातवीतला मुलगा, हुशार नाही, ढ नाही, रोज येणारा. ७५६ भागिले ७. त्याने उत्तर काढलं १८. सात एके सात, मग पाच खाली, पाचाला सात जात नाही म्हणून लगेच सहा खाली, सात आठे छप्पन. दरवर्षी निम्मी मुलं हेच करतात. मी चूक म्हटलं नाही. म्हटलं, अठराला सातने गुण. त्याने गुणलं, १२६ आले. मग तो ७५६ आणि १२६ यांच्याकडे आळीपाळीने बघत बसला. शेजारचा सांगायला लागला, त्याला मी गप्प केलं. बराच वेळ गेला. वर्गात अशा वेळी शिक्षकालाच फार चुळबुळ होते. वाटतं, सांगून टाकावं, पुढे जावं. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, मधात काहीतरी राह्यलं." मी सैकडा, दहाई, इकाईची तीन घरं आखून दिली. सात सैकडे सात जणांत वाटले, एकेक. पाच दहाई सात जणांत? "नाही वाटत." मग दहाईच्या घरात काय लिहायचं?

तेवढ्यात दारात शिपाई. फोन आलाय, अपार आयडीचे आकडे अर्ध्या तासात पाहिजेत, रजिस्टर मॅडमकडे आहे. मी गेले, आकडे दिले, परत आले तोवर जेवणाची घंटी झाली होती. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने ७५६ भागिले ७ चं उत्तर पुन्हा १८ काढलं. शाळेच्या दैनंदिनीत आदल्या दिवसापुढे 'भागाकार, पुनरावृत्ती, ४० मिनिटं' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ते खोटं नाही.

जॉन कॅरल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली एक साधी मांडणी केली होती. मूल किती शिकलं हे त्याने प्रत्यक्ष त्या गोष्टीवर घालवलेला वेळ आणि त्याला लागणारा वेळ यांच्या प्रमाणावर ठरतं. ज्याला आपण हुशार म्हणतो त्याला कमी वेळ लागतो, एवढाच फरक. मी बी.एड.ला ही व्याख्या परीक्षेपुरती पाठ केली होती. पण तिच्यात एक अडचणीची गोष्ट दडलेली आहे. सगळ्यांना सारखीच चाळीस मिनिटं दिली तर ज्याला वीस लागतात त्याची वीस वाया जातात, आणि ज्याला साठ लागतात त्याची चाळीसच्या चाळीस वाया जातात, कारण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्यापासून. माझ्या भागाकारवाल्याला आणखी पाचच मिनिटं लागली असती. ती पाच मिळाली नाहीत म्हणून आधीची पस्तीसही गेली.

वेळ गळतो तो फक्त शिक्षक न आल्याने असं समजणारे खूप आहेत, आणि त्याला आधार आहे. मायकल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी दिल्या; २००५ साली छापलेल्या त्या अभ्यासात चारातला एक शिक्षक गैरहजर सापडला. महाराष्ट्राचा आकडा सगळ्यांत कमी होता, १४.६ टक्के, मध्य प्रदेशाचा १७.६. आम्ही त्या दोहोंच्या सीमेवर. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते: भेटीच्या वेळी प्रत्यक्ष शिकवताना सापडले ते साधारण निम्मेच. म्हणजे शाळेत असूनही न शिकवणारे पुष्कळ, आणि त्यांत रजिस्टर घेऊन फोनवर आकडे सांगणारी मीही मोडते. आता १ जुलै २०२५ पासून आमची हजेरी 'हमारे शिक्षक' ॲपवर लागते. अप-डाउन करणाऱ्यांना त्याचा धाक बसला हे खरं. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन २०१५ च्या नोव्हेंबरअखेर रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून कितीतरी जणांची वेळ बसवाल्याच्या हातात होती आणि घंटी त्याच्यावरच व्हायची. पण मी शाळेत आहे हे ॲपला कळतं. मी दारात उभी आहे की फळ्यापाशी, हे त्याला कळायचं कारण नाही.

यावर आम्ही जे केलं ते अगदी साधं होतं. मुख्याध्यापकांशी बोलून जुलैत दोन पिरियड जोडले. सहावी, सातवी, आठवीची मुलं त्या वेळापुरती वर्ग मोडून बसवायची, येतंय काय त्यावरून: हातच्याच्या वजाबाकीत अडकलेली एकीकडे, भागाकारात अडकलेली दुसरीकडे, अपूर्णांकाला पोचलेली तिसरीकडे. यात नवीन काही नाही. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि बडोद्यात बालसखी नावाने जे केलं आणि ज्याचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरेंनी २००७ साली छापला, त्याच वाटेचं. आमच्या राज्यातही दक्षता उन्नयन कार्यक्रमात अंकुर, तरुण, उमंग असे गट होते. आदेश आला की ते व्हायचे, दुसरा आदेश आला की ते मागे पडायचे. आमचा गट आदेशाने झालेला नव्हता, एवढीच त्याची जमेची बाजू.

वेळ कोणती, यावर मात्र वाद झाला. मला प्रार्थनेनंतर लगेच हवी होती. डोकं ताजं, ऊन नाही, फोन सुरू झालेले नाहीत. प्राथमिकच्या मॅडमनी विचारलं, "तुझी भागाकाराची पोरं साडेदहाला येतात तरी का?" मी चार दिवस फाटकाशी उभं राहून पाहिलं. अकराच्या आसपास येणाऱ्यांत शेतावर राहणारी होती, पाणी भरून निघणाऱ्या मुली होत्या, धाकट्याला अंगणवाडीत सोडून येणारी होती, जिची आई पहाटेच मजुरीला जाते अशी होती. थोडक्यात, माझा पहिला गट आणि दुसरा गट. दिवसातला सर्वांत चांगला वेळ ज्यांना सर्वांत जास्त पाहिजे होता ती तेव्हा रस्त्यात असायची. मग साडेअकरा ते बारा पन्नास असं ठरलं. सकाळचा पहिला तास वाचनाला दिला; उशिरा येणारा त्यात कुठूनही शिरू शकतो. जेवणानंतर विज्ञान, पण चित्रं काढायची, माती चाळायची, पानं जमवायची असलं. दोन वाजता पोट भरलेल्या बारा वर्षांच्या मुलाला बसवून धडा वाचून दाखवणं म्हणजे त्याला झोपवणं.

झोपेवरून आठवलं, महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं, लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून माध्यमिक शाळा किती लवकर भरवायच्या यावर कायदाच आहे. आमच्याकडे झोपेचा प्रश्न फक्त एप्रिलच्या सकाळच्या शाळेत येतो. बाकी वर्षभर मुलं शाळेत येईपर्यंत घरचं दोन तासांचं काम उरकून आलेली असतात.

फोनचं काय केलं? मुख्याध्यापकांनी ठरवलं की एक वाजेपर्यंतच्या सगळ्या जानकाऱ्या ते स्वतः देतील. रजिस्टरं माझ्या कपाटातून त्यांच्या टेबलावर गेली. यात त्यांना दोनदा बोलणी बसली. मुलांना मिळालेल्या ऐंशी मिनिटांमागे हे असं कुणीतरी लागतं, आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात नसते.

फरक पडला का? मधल्या गटात पडला. डिसेंबरपर्यंत त्यातली बहुतेक मुलं तीन आकडी भागाकार शून्यासकट करायला लागली. १८ वालाही. सर्वांत खालच्या गटातली काही तिथेच राहिली. त्यांना ऐंशी मिनिटं नव्हे, रोज कुणीतरी एकटं शेजारी बसणारं लागलं असतं. आणि किंमतही पडली. तो वेळ सामाजिक विज्ञान आणि संस्कृतमधून काढला होता. मध्य प्रदेशात पाचवी-आठवीला पुन्हा बोर्डासारखी परीक्षा लागली. संस्कृतचा पेपर त्यातही असतो. आठवीच्या एका वडिलांनी विचारलं, गणित आलं पण संस्कृतात राहिला तर? मी म्हटलं, संस्कृत जानेवारीत घेऊ. घेतलंही, पण पाठांतर करवून घेतलं, शिकवलं असं म्हणवत नाही.

ऐंशी मिनिटांचा आणखी एक उपयोग झाला, जो मी धरला नव्हता. आमच्या मुलांच्या घरी मराठी, पुस्तकात हिंदी. गल्लीत दोन्ही. फळ्यावर ५९ लिहिलं की मी उनसठ म्हणते, मूल मनात एकोणसाठ म्हणतं. शाब्दिक उदाहरण ते दोनदा वाचतं, एकदा अक्षरं लावायला आणि एकदा घरच्या भाषेत गोष्ट लावायला. घरीही हिंदीच बोलणाऱ्या नर्मदापुरमच्या मुलाला हा दुसरा फेरा नाही. चाळीस मिनिटांच्या पिरियडमध्ये तो फेरा बसतच नाही, म्हणून शिक्षक उदाहरण स्वतः वाचतो, स्वतः समजावतो, मुलं आकडे उतरवतात. वेळ सैल झाल्यावर मुलं आपसांत मराठीत बोलून उदाहरण लावायला लागली आणि मी अडवलं नाही. शिक्षणाची भाषा जमेल तितकी मातृभाषा असावी असं कायदा म्हणतो, २०२० चं धोरण निदान पाचवीपर्यंत तरी म्हणतं. आम्हाला त्याचा आदेश कुणी दिला नाही, मनाईही कुणी केली नाही. मामेभावांची बालभारतीची जुनी गणिताची पुस्तकं दोन-तीन मुलांनी आणली, ती आता वर्गातल्या कपाटात असतात.

वेळेचे असे मोठे तुकडे पाडणं या मातीला नवं नाही. आमचा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता तेव्हा, १९३७ च्या ऑक्टोबरात, वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. त्यातलं वेळापत्रक साडेपाच तासांचं होतं: हस्तोद्योग तीन तास वीस मिनिटं, मातृभाषा चाळीस मिनिटं, संगीत-चित्रकला-गणित मिळून चाळीस, समाजशास्त्र आणि विज्ञान तीस, कवायत दहा, सुट्टी दहा. वर्षाचे २८८ दिवस. तीन तास वीस मिनिटं टकळी चालवणाऱ्या मुलाची मला कीवच येते, आणि दहा मिनिटांच्या सुट्टीची तर जास्तच. पण हातातलं काम पुरं होईपर्यंत मुलाला कुणी उठवू नये, एवढं त्या लोकांनी धरलं होतं. आमच्या आठ घंट्यांच्या वेळापत्रकात ते कुठेच धरलेलं नाही.

पोळा आणि गोटमारीचे दिवस मी वाया गेलेल्या वेळेच्या हिशेबात धरत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवलं जातं आणि पांढुर्णा व सावरगाव समोरासमोर दगड घेऊन उभे राहतात. मी पांढुर्ण्यात होते तेव्हा आधीचे दोन दिवस मुलं नदीकडे आणि नंतरचे दोन दिवस गोष्टी सांगण्यात. कुणाच्या काकाच्या डोक्याला टाके, कुणी झाडापर्यंत पोचलेला. त्या चार दिवसांत गणित शिकवणाऱ्याने स्वतःचाच घसा जपावा. सौंसरकडच्या गावांत तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल असतात, ते बरे. सण आला आणि गेला, असं होतं.

कापूस मात्र येतो आणि राहतो. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणी. मजुरी किलोवर असते, त्यामुळे लहान हातांचाही हिशेब होतो. माझ्या पटावरची भावंडं आळीपाळीने यायची: आज भाऊ, उद्या बहीण. धड्यांच्या क्रमाने शिकवत असताना अशी मुलं संपलीच म्हणायची. दोन दिवस चुकले की धडा पुढे गेलेला. गटात बसायला लागल्यापासून ती आली त्या दिवशी जिथे सोडलं होतं तिथून सुरू करतात. म्हणून मला आता वाटतं की हजेरी आणि वेळापत्रक या दोन वेगळ्या अडचणी नाहीत. जे वेळापत्रक रोज येणाऱ्यासाठीच बसवलेलं असतं ते अधूनमधून येणाऱ्याला बाहेर काढतं, आणि मग आपण म्हणतो की ती मुलं शाळेत टिकत नाहीत.

सहावीतली एक मुलगी दिवाळीनंतर यायचीच बंद झाली. शेत त्यांचं स्वतःचं, शाळेच्या कुंपणाला लागूनच. मी मधल्या सुट्टीत बांधावर गेले. वडिलांनी सांगितलं, "दोन हात जास्त असले का आठ दिवसात निपटते, मॅडमजी. मग येईन ते रोज." ते आठ दिवस संक्रांतीपर्यंत चालतात हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चौदा वर्षांखालच्या मुलांनी घरच्या शेतात मदत करावी ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, असं बालमजुरी कायद्याची २०१६ ची दुरुस्ती म्हणते. शाळेच्या वेळेत नाही. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मी विचारलं, साडेअकरा ते जेवणापर्यंत सोडाल? त्यांनी शेताकडे पाहिलं, किती ओळी राहिल्यात ते मनात मोजलं असावं, आणि म्हणाले, "तेवढं जमते."

ती येते. कमरेची कापसाची ओटी दाराशी सोडते, हात धुते, आपल्या गटात बसते. एकला जेवते, दीडला कुंपणातून परत. आमच्यात यावर एकमत नाही. प्राथमिकच्या मॅडमना वाटतं, मी वडिलांना सवलत दिली आणि आता बाकीचेही मागतील, एकाने मागितलीही. मुख्याध्यापकांचा प्रश्न हजेरीपटाचा आहे, त्यात अर्ध्या दिवसाचा रकाना नाही. तपासणीला कुणी आलं आणि दुपारी मुलगी शेतात दिसली तर उत्तर त्यांना द्यायचं आहे. मी तिच्या नावापुढे हजर लिहिते. तिच्या गटाचा भागाकार झाला, अपूर्णांकांची बेरीज सुरू आहे, आणि तिला अजून छेद समान करणं जमलेलं नाही.